मुका मार

पाळीव कुत्र्याच्या किंवा मांजराच्या शस्त्रक्रियेचे ठरले, की संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी घरची माणसे जे विचारतात ते बहुतेक दवाखान्यांत सारखेच असते. भूल द्यावीच लागेल का? या वयात त्याला ती सोसेल का? उठेल ना नक्की? टाके कधी काढायचे, खर्च किती येईल, आंघोळ कधी घालायची? हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि प्रत्येकामागे लागलेला जीव आहे. या यादीत क्वचितच येणारा प्रश्न एकच: त्याला दुखेल किती, आणि त्या दुखण्यावर तुम्ही काय देणार? माणसाच्या शस्त्रक्रियेत नातेवाइकांनी हे विचारण्याची गरज पडत नाही, कारण रुग्ण रात्री दोन वाजता बेल वाजवून स्वतःच विचारतो. कुत्रा बेल वाजवत नाही. मांजर तर पलंगाखाली कोपऱ्यात जाऊन बसते, आणि घरची माणसे एकमेकांना दिलासा देतात, 'शांत पडून आहे बिचारी.'

ज्या माराने कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, त्याला मराठीत मुका मार म्हणतात. मार मुका असतो तेव्हा निदान मार खाणारा बोलतो. इथे मारही मुका आणि खाणाराही. पुढील पानांत पाळीव प्राण्यांची शस्त्रक्रिया, भूल आणि वेदनाशमन यांची जी माहिती आली आहे, ती समजायला फार अवघड नाही. अवघड आहे ती तिच्या आधीची पायरी. पालकांचा शस्त्रक्रियेविषयीचा संकोच, भुलेची भीती आणि वेदनाशामकांबाबतची उदासीनता या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. माझ्या मते त्यांचे मूळ एक आहे, आणि ते निर्दयतेत नाही, हिशेबात आहे. आपण सही केल्यामुळे जे घडेल ते आपल्या नावावर जमा होते. आपण काहीच न केल्यामुळे जे चालू राहते ते कुणाच्याच नावावर लागत नाही. सुरी दिसते, सुई दिसते, गुंगीत लोंबणारी जीभ दिसते. सडलेल्या दाढेचे सहा महिने दिसत नाहीत. तक्रार करणारा कुणी नसल्यामुळे वहीची ती बाजू कोरी राहते, आणि कोरी बाजू आपण शून्य म्हणून वाचतो.

भीतीपासून सुरुवात करू, कारण ती निराधार नाही. 'भूल' या शब्दानेच आपली थोडी पंचाईत केली आहे. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोहिनी, रानात वाट चुकवणारी तीही भूलच; आणि डॉक्टर देतात तीही. 'भूल दिली आणि उठलाच नाही' अशी एखादी गोष्ट प्रत्येक सोसायटीत कुणाच्या तरी कुत्र्याच्या नावाने सांगितली जाते, आणि ती ऐकल्यावर आकडे सांगून उपयोग नसतो. तरी आकडे पाहायला हवेत. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक पशुवैद्यकीय दवाखान्यांत सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरे यांना दिलेल्या गुंगीची आणि भुलेची नोंद ठेवून एक मोठा अभ्यास झाला. भुलेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के आणि मांजरांत ०.२४ टक्के निघाले. आजारी जनावरे वगळून निव्वळ निरोगी पाहिली, तर कुत्र्यांत साधारण अठराशेंत एक, मांजरांत नऊशेंत एक. सशांचे प्रमाण मात्र १.३९ टक्के, म्हणजे कितीतरी पटींनी जास्त; सशाच्या पालकाने घाबरावे, त्याला आधार आहे. माणसांच्या तुलनेत हे सगळेच आकडे मोठे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय ते ब्रिटनचे आहेत. आपल्याकडे एका दवाखान्यात आयसोफ्लुरेनचे यंत्र आणि मॉनिटर असतो, तर पलीकडच्या गल्लीत झायलाझिन आणि केटामिनच्या दोन सुयांवर सगळे भागवले जाते. तेव्हा तो आकडा उचलून इथे चिकटवता येणार नाही.

पण त्या अभ्यासात आकड्यापेक्षा मोलाची एक गोष्ट आहे आणि ती कुठेही लागू पडते. मृत्यू कधी झाले? भूल देताना किंवा सुरी चालू असताना झाले असतील असे आपण धरून चालतो. कुत्र्यांतले जवळजवळ निम्मे आणि मांजरांतले साठ टक्क्यांच्या आसपास मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर झाले, आणि त्यांतलेही बरेचसे पहिल्या तीन तासांत. म्हणजे 'झाले, संपले' म्हणून सगळे हात धुवायला गेले, तेव्हा. नाडी आणि रक्तातला प्राणवायू यांवर लक्ष ठेवले गेलेल्या मांजरांत धोका कमी आढळला. यातून पालकाने विचारायचा प्रश्न बदलतो. 'भूल द्यावीच लागेल का' याऐवजी 'पूर्ण जाग येईपर्यंत त्याच्याजवळ कोण बसणार आहे' हे विचारणे जास्त कामाचे. भीतीला असे काम दिले की ती उपयोगी पडते. मोकळी सोडली की ती 'राहू दे मग, उगाच चिरफाड नको' इथे येऊन थांबते. वयाचेही तसेच. 'म्हातारा झालाय, झेपणार नाही' हे वाक्य वैद्यकीय वाटते, पण वय हा आजार नव्हे. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांची तपासणी काय सांगते यावर निर्णय ठरतो. आणि मायेपोटी होणारा सर्वांत साधा घोटाळा म्हणजे उपाशी ठेवलेल्या कुत्र्याला पहाटे हळूच वाटीभर दूध पाजणे. भुलेत उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोट रिकामे हवे असते. (ससा याला अपवाद: त्याला उलटी करताच येत नाही, आणि उपाशी ठेवले तर त्याचेच आतडे थंडावते.) दूध पाजणारा हात प्रेमाचाच असतो, त्याला भूक दिसते, फुप्फुस दिसत नाही.

आता वहीची कोरी बाजू. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांच्या एक्स-रे चित्रांची पाहणी झाली. नव्वद मांजरांत सांध्यांची झीज आढळली. एक्स-रेतली झीज म्हणजे तेवढीच वेदना असे गणित मांडता येत नाही, हे खरे. पण नव्वदांपैकी किती मांजरांना त्यांच्या घरी 'संधिवात आहे' म्हणून ओळखले जात असेल? मांजर सहसा लंगडत नाही. ते फ्रिजवर उडी मारणे सोडते, आधी खुर्चीवर आणि मग फ्रिजवर असे दोन टप्पे करू लागते, पाठीचे केस चाटणे सोडते म्हणून तिथे गुठळ्या होतात, वाळूच्या तसराळ्याची कड ओलांडायला नको म्हणून बाहेर घाण करते. यातल्या प्रत्येक गोष्टीला घरात एक तयार नाव असते: वय झाले, आळशी झाली, चिडकी झाली, मुद्दाम करते. कुत्र्याच्या दाढेचे असेच. हिरडी सुजून दाढ हलते तरी तो खातो, एका बाजूने चावून खातो, आणि 'खातोय ना, मग ठीक आहे' या एका वाक्यावर वर्ष निघते. दात साफ करायला भूल लागते म्हटल्यावर तर पालक दाराकडे पाहू लागतात. कुत्र्या-मांजरांनी वेदना दाखवू नये यामागे काही गूढ नाही. अशक्त दिसणे रानात महाग पडते. आपण माणसांच्या बाबतीत ज्याला 'दुखणे अंगावर काढणे' म्हणतो, ते निदान कुणीतरी स्वतः ठरवून काढत असते. प्राण्याच्या अंगावर ते आपण काढतो.

गर्भाशयाचे उदाहरण याहून सरळ आहे, कारण तिथे आकडा आहे. स्वीडनमध्ये बहुसंख्य कुत्र्यांचा विमा उतरवलेला असतो आणि मादीची नसबंदी करण्याची प्रथा पूर्वी फारशी नव्हती, त्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदी हा एक अनायासे घडलेला प्रयोगच ठरला. दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चारांतल्या एका मादीच्या गर्भाशयात पू झाला. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पिशवी काढणे. फरक इतकाच, की दोन वर्षांच्या तंदुरुस्त कुत्रीवर जी शस्त्रक्रिया झाली असती ती आता आठ वर्षांच्या, ताप चढलेल्या, रक्तात विष भिनू लागलेल्या कुत्रीवर करायची. 'तिला कशाला भुलेचा धोका द्यायचा' म्हणणाऱ्याने धोका टाळलेला नसतो. पुढे ढकललेला असतो, आणि वाटेत त्यावर व्याज चढते. मोठ्या चणीच्या काही जातींत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात असे अलीकडचे संशोधन सांगते. त्यामुळे 'कधी' हा प्रश्न जातीनुसार सुटतो. तो 'करावी का' या प्रश्नात मिसळू नये.

इथे भाषेने आणखी एक अडथळा उभा केला आहे. 'खच्ची करणे' हे बैलाच्या शस्त्रक्रियेचे नाव होते. आज वर्तमानपत्रात 'कार्यकर्त्यांचे खच्चीकरण' असते आणि त्याचा अर्थ उमेद मोडणे. 'नसबंदी' म्हटले की आणीबाणीतल्या सक्तीची आठवण पूर्ण पुसली गेलेली नाही. कुत्र्याच्या बाबतीत तो शब्द तसा चुकीचाच, कारण तिथे नस बांधत नाहीत, वृषण काढतात. घरातल्या पुरुषांना नर कुत्र्याच्या वतीने जो अपमान जाणवतो, तो कुत्र्याला जाणवण्याचे कारण नाही. आपले पौरुष हा विषयच त्याच्या डोक्यात नसतो. आणि 'एक वेत तरी होऊ दे, आई होण्याचे सुख मिळू दे' या आग्रहातले सुखही पाहणाऱ्याचे असते. हे मी चेष्टेने म्हणत नाही. प्राण्याला माणसाच्या सगळ्या भावना बहाल करणारी हीच मंडळी त्याला वेदना मात्र माणसापेक्षा कमी देऊ करतात, ही विसंगती न्याहाळण्यासारखी आहे. मातृत्वाची ओढ आहे, मानापमान आहे, रुसवाही आहे. फक्त टाक्यांचे दुखणे नाही, कारण 'त्यांना सवय असते, जनावर आहे ते'.

मात्र दोष एकट्या पालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्यांनी सांगायचे तेच फार काळ बोलले नाहीत. १८४६ साली बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक केले, त्याआधी त्याने ते स्वतःच्या पाळलेल्या स्पॅनियल कुत्र्यावर करून पाहिले होते. भुलेचा गुण ज्यांच्यावर पहिल्यांदा सिद्ध झाला त्यांत कुत्रा होता, आणि ब्रिटनसारख्या देशात काही ठरावीक शस्त्रक्रियांसाठी जनावरांना भूल देण्याची कायद्याने सक्ती व्हायला १९१९ उजाडावे लागले. भूल आली तरी शुद्धीवर आल्यानंतरचे दुखणे वेगळे राहिलेच. अमेरिकेतल्या एका पशुवैद्यकीय अध्यापन रुग्णालयातल्या १९८३ ते १९८९ या काळातल्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या २४३ कुत्र्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांनाच वेदनाशामक मिळाले होते. मांजरे पंधरा होती. औषध मिळाले एकीला. खेड्यातला आडबाजूचा दवाखाना नव्हता तो. जिथे पुढची पिढी घडवली जाते अशी जागा होती.

आणि पशुवैद्यांनाही एकटे का धरावे? त्याच दशकात माणसांची अपुऱ्या दिवसांची बाळे हालचाल थांबवणाऱ्या औषधावर आणि जुजबी भुलेवर शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतली जात होती. बाळाची मज्जासंस्था अजून कच्ची आहे, त्याला वेदना कळत नाही, कळली तरी आठवत नाही, आणि भूल त्याला सोसणार नाही, ही कारणे दिली जात. ऐकल्यासारखी वाटतात ना? इंदूरला वैद्यकशास्त्र शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिले, की शस्त्रक्रियेत फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाची संप्रेरके कमी उसळतात आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी होतात. म्हणजे 'सोसणार नाही' हे वेदनाशामकाबद्दल म्हटले जात होते, आणि न सोसणारी गोष्ट वेदना होती. बाळ आणि जनावर यांच्यात साम्य एकच: दोघेही सांगू शकत नाहीत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे हे माणसांसोबत इतर प्राण्यांचाही उल्लेख करून नोंदवले. आपल्याकडे ही कल्पना नवी वाटू नये. पैठणला रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले, ही कथा चमत्कार म्हणून आपण वाचत आलो. मुक्या जनावराचा मार दिसण्यासाठी तो माणसाच्या पाठीवर उमटावा लागला, असेही तिच्याकडे पाहता येते.

वेदनाशामकांवरचा सर्वांत जुना आक्षेप असा, की थोडे दुखलेलेच बरे; दुखले की जनावर गप्प पडून राहते, टाके सुटत नाहीत. अनेक पशुवैद्यही तो मांडत, आणि वरवर तो शहाणपणाचा वाटतो. त्यात दोन चुका आहेत. वेदनेने प्राणी गप्प पडतोच असे नाही. तो जखम चाटतो, चावतो, जागा बदलत राहतो, आणि टाके बहुधा त्यातच तुटतात. दुसरे म्हणजे वेदनाशामक म्हणजे बधिरपणा नव्हे. औषध योग्य मात्रेत दिले तर पाय ठेवताना लागणारी कळ पूर्ण जात नाही; अन्नपाणी आणि झोप उडवणारे दुखणे जाते. हालचाल थांबवायची तर पट्टा आहे, पिंजरा आहे, मानेभोवतीची ती केविलवाणी दिसणारी प्लास्टिकची कॉलर आहे. कुलपाचे काम वेदनेकडून करून घेण्याची कल्पना आपण आपल्या मोडलेल्या पायाबाबत क्षणभरही मान्य करणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हे सगळे पेडिग्री कुत्रे पाळणाऱ्यांचे, स्वतःला 'पेट पेरेंट' म्हणवणाऱ्यांचे चोचले. शेतकऱ्याला बैलाच्या दुखण्याचे सोयरसुतक कुठे असते? या आक्षेपाला उत्तर देणारा पुरावा आकाशात आहे, किंवा खरे तर आकाशात आता नाही. १९९० च्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागले. अंगदुखी, लंगडणे, सडाची सूज, काहीही असो, त्याची सुई दिली जाई. २००४-०५ च्या सुमारास भारतात मृत गुरांच्या यकृतांचे नमुने तपासले, तेव्हा दहांतल्या साधारण एकात ते औषध सापडले. अशी मृत गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईत डुंगरवाडीवर मृतदेह गिधाडांवर सोपवण्याची पारशी अंत्यविधीची शतकांची रीत त्यामुळे अडचणीत आली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली आणि गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम पुढे आले. ही गोष्ट पर्यावरणाची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. मरायला टेकलेल्या गाईगुरांना वेदनाशामक देण्यासाठी या देशातल्या शेतकऱ्याने खिशात हात घातला, इतक्या वेळा घातला, की एक पक्षी संपत आला. बैल कामाला लागावा म्हणून दिले असेल, असे कुणी म्हणेल. काही वेळा तसे असेलही. पण जनावराला दुखते आणि दुखणे थांबवता येते, ही समज नसती तर सुई कुणी मागितलीच नसती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून बैलाचे जुवाखालचे खांदे लोणी-हळदीने चोळणाऱ्याला वेदनेचे ठिकाण नेमके ठाऊक असते.

हीच समज खच्चीकरणाच्या वेळी कुठे जाते, हे विचारायला हवे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत निघालेला बर्डिझोचा चिमटा आपल्या खेडोपाडी पोचला तो एका गुणावर: त्यात कातडी फाटत नाही, रक्त येत नाही. आतल्या नसा चिरडल्या जातात, बाहेर काही दिसत नाही. अक्षरशः मुका मार. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही खच्चीकरण, वेसण टोचणे, डागणे यांना 'विहित पद्धतीने' केल्यास क्रूरतेच्या व्याख्येतून सूट दिली, आणि त्यात पशुवैद्याची व भुलेची अट घालणारे नियम यायला २०२३ साल लागले. रक्त म्हणजे वेदना आणि रक्त नाही म्हणजे वेदना नाही, हे समीकरण शेतकऱ्याचे, कायद्याचे आणि फ्लॅटमध्ये पग पाळणाऱ्याचे अशा तिघांचेही आहे.

डायक्लोफेनॅकच्या कथेतून दुसराही धडा निघतो, आणि तो घरातल्या औषधाच्या डब्याशी संबंधित आहे. दया पुरेशी नसते, ती कुणाच्या शरीरात उतरते आहे हे कळावे लागते. माणसाच्या तापावर दिली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते; तिच्या यकृताला ते औषध निकामी करून बाहेर टाकण्याची वाट जवळजवळ नसतेच, रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरात जखमा करते आणि मूत्रपिंड बिघडवते. ज्या घरात शस्त्रक्रियेनंतर पशुवैद्याने वेदनाशामक लिहून दिलेले नसते, त्याच घरात रात्री कण्हणे ऐकवेनासे झाल्यावर ही गोळी काढली जाते. म्हणजे औषध न लिहिणे हा सावधपणा नसून धोका दवाखान्यातून स्वयंपाकघरात हलवणे आहे.

पैशांचा मुद्दा मी हलका मानत नाही. विमा जवळजवळ कुणाचा नसतो, आणि मोठी शस्त्रक्रिया कुटुंबाचा महिना कोलमडवते. अफूच्या वर्गातल्या प्रभावी औषधांवर १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे परवाने आणि नोंदवह्या बसल्या आहेत. २०१८ पासून ट्रॅमाडॉलही त्या कक्षेत आले. एका खोलीत दवाखाना चालवणारा पशुवैद्य त्या भानगडीत पडत नाही, हे समजण्याजोगे आहे. पण प्रत्येक दंतवैद्याच्या खणात असलेले लिग्नोकेन तर स्वस्त आहे. भूल दिलेल्या बोक्याचे वृषण काढण्याआधी तिथेच त्याची छोटी मात्रा टोचली, तर मेंदूकडे जाणारी कळ उगमाशीच अडते आणि मुख्य भूलही कमी लागते. जिथे हे होत नाही, तिथे अडचण पैशांपेक्षा सवयीची असते. त्याहून वाईट सवय म्हणजे बिलात वेदनाशामकाची वेगळी ओळ टाकून 'हवे असेल तर' म्हणून विचारणे. टाके हवेत का, असे कुणी विचारत नाही. ऐच्छिक म्हणून मांडलेली गोष्ट बिनमहत्त्वाची असणार असा अर्थ कुठलाही समजदार ग्राहक काढील, आणि पालक तोच काढतात. या एका बाबतीत त्यांचा निर्णय त्यांचा नसतो; प्रश्नाच्या मांडणीने तो आधीच घेतलेला असतो.

उलट बाजूचा आक्षेपही ऐकायला हवा, कारण तो दिवसेंदिवस खरा होतो आहे. मोठ्या शहरांत आता जनावरांचे सीटी स्कॅन, सांधेरोपण, केमोथेरपी सगळे होते. मुंबईत महालक्ष्मीला टाटांच्या पुढाकाराने २०२४ साली लहान प्राण्यांचे सुसज्ज रुग्णालय सुरू झाले. मग प्रश्न असा येतो, की चौदा वर्षांच्या कुत्र्यावर तिसरी शस्त्रक्रिया कुणासाठी? कधीकधी खरोखर पालकासाठीच. 'आम्ही सगळे केले' हे म्हणता यावे म्हणून केलेले उपचार हेही हिशेबाच्या गफलतीचेच रूप आहे. इथेही वेदना हाच निकष हाती धरला, तर वाट जरा स्पष्ट होते. पायाच्या हाडाच्या कर्करोगात पाय काढण्याचा सल्ला ऐकून पालक हादरतात, 'तीन पायांवर कसा जगेल' म्हणतात. नुसत्या अवयवच्छेदनाने आयुष्य फारसे वाढत नाही, बहुतेकदा काही महिनेच मिळतात. पण तो सडणारा पाय हाच असह्य वेदनेचा उगम असतो. तो काढणे म्हणजे त्या कुत्र्याला मिळू शकणारे सर्वांत मोठे वेदनाशामक. कुत्र्याला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धावताना पाहिल्यावर लक्षात येते, की आरशात पाहण्याची गरज आपल्याला होती. याउलट ज्या शस्त्रक्रियेतून दुखणे कमी होणार नाही, फक्त लांबणार आहे, तिला नाही म्हणणे हा भित्रेपणा नाही.

आणि शेवटच्या सुईचे काय? मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या हुकमाविरुद्ध दंगल झाली, आणि दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभा राहिला. जीव घ्यायचा नाही, मरेपर्यंत सांभाळायचे, ही तिथली भूमिका. १८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तिथले शास्त्र असाध्य दुखण्यातून सोडवण्यासाठी जीव घेणे हेही कर्तव्यात मोजते. या दोन दृष्टींचा वाद मिटणारा नाही, आणि मिटवण्याचा माझा प्रयत्नही नाही. पण मारू नये म्हणणाऱ्यावर वेदनाशमनाची जबाबदारी कमी नसते, उलट दुप्पट होते. जो जीव आपण आपल्या तत्त्वापायी जगवत ठेवतो, त्याच्या प्रत्येक दिवसाचे दुखणे आपल्या खात्यावर असते. पाणी आणि चारा देऊन ते फिटत नाही.

दुखणे दिसत नाही ही सबब मात्र आता उरलेली नाही. ग्लासगोच्या पशुवैद्यांनी कुत्र्यांसाठी बनवलेली छोटी प्रश्नावली चोवीस गुणांची आहे. सहा गुण भरले की वेदनाशामकाचा विचार करावा, असा तिचा दंडक. २०१९ साली मॉन्ट्रियलमध्ये मांजरांसाठी चेहऱ्याची पट्टी तयार झाली, तिच्यात पाचच गोष्टी पाहायच्या: कान, डोळ्यांची फट, नाकाभोवतीचा ताण, मिशा आणि डोके खांद्यांच्या वर आहे की खाली. प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार झाले तर डॉक्टरांना फोन. या पट्ट्या भरायला पदवी लागत नाही. लागते ती त्या जनावराची रोजची ओळख, आणि ती दवाखान्यात कुणाकडेच नसते. टेबलावर घाबरलेल्या मांजराचे कान कशाने मागे गेले आहेत, दुखण्याने की भीतीने, हे पशुवैद्यालाही ठरवणे कठीण जाते. घरी, दिवे मंद केल्यावर, तो फरक कळतो. म्हणून पुढचे पहिले प्रकरण घरी परतल्यानंतरच्या रात्रीपासून सुरू होते. शस्त्रक्रियागृहाचे प्रकरण त्यानंतर येईल. त्या रात्री पलंगाखाली वाकून बघायचे, बॅटरीचा झोत थेट डोळ्यांवर न टाकता, आणि कानांपासून मोजायला सुरुवात करायची.